गडाची चढण, नानांची सायकल आणि सकाळची गोळी

"सायकलने वणीच्या गडावर जाऊ," असं नाना म्हणाले तेव्हा मी चहात बिस्किट बुडवत होते. ते तिथंच गळून पडलं.

नाना म्हणजे माझे वडील. मनमाडला रेल्वेत अख्खी नोकरी झाली, ती घर ते वर्कशॉप सायकल हाणत. निवृत्त झाल्यावर आई आणि ते नाशकात माझ्याकडे राहायला आले. सामानात दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि ती सायकल. काळी, चोवीस इंची, रॉडच्या ब्रेकची, आणि वजनाला म्हशीच्या रेडकाएवढी. माझी सायकल गिअरची. तिला नाना 'खेळणं' म्हणतात.

सप्तशृंगीच्या गडाची माहिती शोधत तुम्ही या ब्लॉगवर आला असाल तर ती पुढे आहेच. पण आधी या सहलीत अडचण काय होती ते सांगते, कारण मला घाट दिसलाच नाही, मला सगळा वेळ ती अडचणच दिसत होती. नानांना साखर आहे. रोज सकाळी एक गोळी. डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतली नाही, पण बोट उगारून दोन गोष्टी सांगितल्या. गोळी घेतली की अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली येते, आणि माणूस घामाने भिजतो, बरळतो, बेशुद्धही पडतो. दुसरं, खिशात नेहमी साखर ठेवायची. पहिली गोष्ट आईने पाठ केली. दुसरी नानांनी हसण्यावारी नेली. "साखरेच्या रोग्यानं खिशात साखर बाळगायची? लोक काय म्हणतील?"

आईने माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, "ऐकणार तर नाहीतच ते. तू सोबत जा, आणि जसे नेतेस तसे घेऊन ये." मी हो म्हटलं. ते हो नंतर त्या घाटात माझ्या छातीवर दगडासारखं बसलं होतं.

ही गोष्ट २००९च्या जानेवारीतली. थंडी अशी की म्हसरूळच्या पुढे बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत ते बघून खात्री करावी लागत होती. दिंडोरी रोड सायकलला चांगला आहे. डांबर बरं, चढ बेताचे, दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा. फक्त सकाळी भाजीच्या पिकअप गाड्या नाशिककडे सुसाट येतात, तेव्हा साईडपट्टीवर उतरायची लाज बाळगू नका. दिंडोरीला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. नानांनी पाव मोजून दोनच घेतले आणि रस्सा तीनदा मागितला. शेजारच्या बाकावर बागेत कामाला निघालेल्या दोन बाया आमच्या सायकली निरखत होत्या.

"कुठं निघाले बाबा?"

"गडावर."

"सायकलवर? आन् पोरगीबी?"

"तिच्यासाठीच तर," नाना म्हणाले आणि मान खाली घालून रस्सा भुरकू लागले. मला वाटलं, पोरीला फिरवायला नेतोय असं म्हणायचंय. मी बिल द्यायला उठले.

इथे माझ्या पायाबद्दल सांगायला हवं. या सहलीच्या दोन वर्षं आधी गंगापूर रोडवर माझी स्कूटी घसरली आणि डाव्या पायात रॉड बसला. गुडघा पुरता वाकेल याची खात्री नाही, असं तेव्हा सांगितलं होतं. पुढे डॉक्टरांनी व्यायाम म्हणून सायकल चालवायला सांगितली. पहिला महिनाभर नाना कॉलनीच्या मैदानावर कॅरिअर धरून माझ्यामागे पळायचे, मी पाच वर्षांची असताना पळायचे तसे. आता पाय वाकतो. थंडीत कुरकुरतो, पण वाकतो. माझं सायकलचं सगळं वेड तिथून सुरू झालं.

दुपारी वणीला पोचलो. बाजाराजवळ एका साध्या लॉजमध्ये खोली मिळाली, तीनशे रुपये, गरम पाण्याची बादली वेगळी. सायकली आत घेऊ देतात, हे महत्त्वाचं. संध्याकाळी नानांनी दोन भाकऱ्या आणि पिठलं खाल्लं, शेजारच्या खोलीतल्या यात्रेकरूंशी गप्पा मारल्या आणि झोपले. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला जरा संशय यायला हवा होता.

सकाळी आईचा फोन आलाच. नानांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला, तरी मला ऐकू आलं.

"गोळी घेतली का?"

"घेतली."

"माझ्यासमोर घ्या."

"अगं, तू नाशकात, तुझ्यासमोर कशी घेऊ?"

पण त्यांनी ती खरंच तेव्हाच घेतली, पाण्याचा घोट आवाज करून, आईला ऐकू जावा म्हणून. मग आम्ही खाली टपरीवर पोहे सांगितले. मी सायकलला हवा भरत होते. वळून पाहिलं तेव्हा नानांची बशी रिकामी होती आणि ते रुमालाने तोंड पुसत होते. "झालं?" मी विचारलं. "झालं," ते म्हणाले.

वणीपासून नांदुरीपर्यंत रस्ता वरखाली झुलतो. उजवीकडे-डावीकडे डोंगरांच्या सोंडा, कांद्याचे हिरवे वाफे, विहिरींवर मोटारींचा आवाज. नाना पुढे होते. नेहमी ते चढाला उठून पायडल मारतात आणि रेल्वेचं काहीतरी सांगत राहतात. त्या दिवशी बोलत नव्हते. मी म्हटलं, "नाना, गाडी सिग्नलला थांबली काय?" हसले नाहीत. थंडी वाजत असेल असं मला वाटलं.

नांदुरीला चहा घेऊ म्हटलं तर म्हणाले, वर घेऊ. बिस्किट तरी? तेही वर. इथे गडाचा घाट सुरू होतो. नीट वाचा, कारण सायकलवाल्यांना याची कल्पना कोणी देत नाही: दहाएक किलोमीटर नुसता चढ, वळणांवर तर उभाच, आणि मध्ये दुकान नाही. कठड्यावर माकडं बसलेली असतात आणि त्यांना पिशवीचा आवाज कळतो. मोबाईलची रेंज दुसऱ्या-तिसऱ्या वळणालाच जाते. समोर मार्कंडेयाचा डोंगर जसजसा उंच होत जातो तसतशी दरी खोल होते. पाणी भरपूर न्या.

आम्ही थोडं चालवत, थोडं ढकलत चाललो होतो. नानांच्या सायकलला गिअर नाही, त्यामुळे ढकलणंच जास्त. एका वळणावर मी पुढे जाऊन वाट बघत थांबले. ते आले तेव्हा सायकल नागमोडी येत होती. रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला. मी ओरडले. त्यांनी मान वर केली आणि मला दिसलं की त्यांच्या कपाळावरून घाम ओघळतोय, स्वेटरची मान भिजलीय. माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि ते घामाने निथळत होते.

डॉक्टरांचं उगारलेलं बोटच डोळ्यांसमोर आलं.

सायकल धरून मी त्यांना कठड्याच्या बाजूच्या दगडावर बसवलं. त्यांचे हात थरथरत होते. "नाना, काय होतंय?"

"काय नाय. चल. चल वर."

"आधी हे खा." मी माझ्या पिशवीतली चिक्की काढली.

"नको."

"नाना, साखर उतरलीय तुमची. खा."

"नको म्हटलं ना!" ते असे ओरडले की कठड्यावरचं माकड उतरून पळालं. नाना मला ओरडत नाहीत. पाय मोडला त्या दिवशीही ओरडले नव्हते.

मी पाण्यात ग्लुकोज कालवून बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बाटली हाताने उडवली. बाटली घरंगळत उताराला गेली आणि पाणी डांबरावर सांडलं. ग्लुकोजची तेवढी एकच पुडी मी आणली होती. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. सकाळी पोहे खाल्लेल्या माणसाची साखर इतकी उतरतेच कशी, हे मला कळेना. त्यांच्या कॅरिअरच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी असेल, दोन तर नाही ना घेतल्या, म्हणून मी पिशवी उपसली.

स्वेटरखाली वर्तमानपत्राची पुडी होती. तेलकट. उघडली. पोहे. लिंबाच्या फोडीसकट, एक घासही न मोडलेले.

"हे काय आहे? नाना, खाल्लं नाही तुम्ही? गोळी घेऊन?"

ते माझ्याकडे बघत होते, पण कुणा परक्या बाईकडे बघावं तसं. जीभ जड झाली होती. "बाई, सोडा मला. आईचं तोंड बघितल्याशिवाय खायचं नाय. बोललोय मी. उपाशीपोटी येईन, सायकलवर येईन, अन् तिलाबी सायकलवर आणीन."

"कुणाला?"

"माझ्या वंदूला. तिचा पाय हाय ना… पाय…"

वंदू म्हणजे मी. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले होते, त्याच वाकणाऱ्या गुडघ्यावर, आणि ते मला ओळखत नव्हते.

आता तुमच्या लक्षात आलं असेल काय झालं होतं. आईने गोळी घ्यायला लावली, ती घेतली. माझा पाय वाकू दे, उपाशी येईन, असा नवस देवीला बोलले होते, म्हणून पोहे खाल्ले नाहीत. नानांनी आयुष्यात दोनच बायकांचा शब्द कधी मोडला नाही, एक आमची आई आणि दुसरी गडावरची. दोघींचं एकाच सकाळी ऐकलं आणि मरणाच्या दारात बसले. आणि नवस फिटेपर्यंत बोलायचा नसतो म्हणून मला दोन वर्षं पत्ता नाही.

बरं, आता करायचं काय? जबरदस्तीने कोंबावं तर दात आवळलेले, आणि घशात अडकलं तर? खाली नांदुरी लांब. रेंज नाही. वरून एक जीप आली, माणसांनी खच्चून भरलेली. मी रस्त्यात उभी राहून हात केले. तिने हॉर्न मारला आणि वळसा घालून गेली. एक मोटारसायकल थांबली, त्या पोराने "पाणी देऊ का?" विचारलं. पाण्याचा काय उपयोग होता? "भाऊ, खाली जाऊन कुणी डॉक्टर मिळाला तर पाठव," म्हटलं. तो गेला. नानांची मान आता पुढे झुकायला लागली होती. मी त्यांना छातीशी धरून बसले. गडाकडे बघून मी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवस नव्हता, भांडण होतं.

आणि भांडता भांडताच मला सुचलं. माझ्या हातची चिक्की ते खाणार नाहीत. पण वरून येणाऱ्याकडे काय असतं?

पुढचा टेम्पो दिसला तेव्हा मी सरळ त्याच्यापुढे सायकल आडवी टाकली. मालेगाव पासिंगचा छोटा टेम्पो, मागे सतरंजीवर एक म्हातारी आणि तिची मंडळी, कपाळं कुंकवाने माखलेली. ब्रेक करकचून लागले. ड्रायव्हर काही बोलायच्या आत मी म्हटलं, "प्रसाद आहे का? गडाचा प्रसाद? माझ्या वडिलांची साखर उतरलीय आणि ते नवसाचे उपाशी आहेत."

म्हातारीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लुगडं सावरत ती टेम्पोतून उतरली, ओटीतून पुडी सोडली. पेढे आणि खडीसाखर. नानांसमोर उकिडवी बसली, एक पेढा त्यांच्या ओठांशी धरला आणि अहिराणीत म्हणाली,

"ले भाऊ. आईना परसाद शे."

नाना काहीतरी पुटपुटले. उपास.

"परसादघाई उपास मोडत नही," ती दटावून म्हणाली. "आईनी वरथीन धाडा तुनाकरता. आईना परसादले नही म्हनतस का कोनी? तोंड उघाड."

नानांनी थरथरता उजवा हात पुढे केला, त्याच्याखाली डावा धरला. तशा अवस्थेतही, दोन्ही हातांनी. मग पेढा कपाळाला लावला आणि तोंडात घातला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. गिळला. दुसरा. मग खडीसाखर, एकेक खडा, ती बाई लहान मुलाला भरवावं तशी भरवत होती आणि टेम्पोतली मंडळी कठड्याशी गोळा होऊन उभी होती. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मला ती संपता संपेनात.

मग नानांनी डोळे उघडले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "वंदू, तू का रडतीस?"

मी आणखी जोरात रडले, हे सांगायला नकोच.

म्हातारीने उरलेली पुडी माझ्या पदरात, म्हणजे ओढणीत बांधली. तिचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट आहे. टेम्पो गेला. डॉक्टरसाठी खाली पाठवलेला पोरगा काही परत आला नाही. मी पोह्यांची पुडी नानांपुढे ठेवली. "आईने जेवू घातलं तुम्हाला. आता उपास सुटला. हे सगळं संपवायचं." नानांनी वाद घातला नाही. गार, गोळा झालेले पोहे त्यांनी शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ले. गोळीचा अंमल दिवसभर राहतो, त्यामुळे पेढ्यांवर भागत नाही, वर पोटभर खावं लागतं. तुमच्याही घरी कुणाला ही गोळी असेल तर लक्षात ठेवा.

"परत जाऊ," मी म्हटलं.

"अर्ध्यातून?" त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "पेढ्यानं उपासाचं भागलं. पण सायकलचं बोललोय ना मी."

तेवढ्यात खालून एसटी घरघरत आली. मी तिला हात केला. कंडक्टरला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, म्हणाला, "काकांना माझ्या शेजारी बसवा. टपावर एकच सायकल मावेल, ती टाकू. वर स्टँडवर मी त्यांना चहा पाजतो, भजी चारतो."

"कुठली टाकू?" ड्रायव्हरने विचारलं.

"माझी," मी म्हटलं. "ती गिअरवाली."

नाना बसच्या पायरीवर थबकले. "आन् माझी?"

"तुमची मी आणते. उपाशीपोटी नाही, सांगून ठेवते. पण सायकलवर आणते. आणि पाय माझाच आहे."

दारातल्या दांडीला धरून ते वळणापर्यंत मागे बघत राहिले.

नानांच्या सायकलवर उरलेला घाट चढणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला शिफारस म्हणून सांगत नाही. ती चढाला चालत नाही, तिची समजूत काढावी लागते. बरंच ढकललं. सपाट दिसलं की बसून पायडल मारले. डावा गुडघा ठणकायला लागला, मग आतून गरम झाला, मग ठणकायचा थांबला. सगळा वेळ मनात एकच: वर नाना बसून असतील की आडवे पडलेले असतील? प्रत्येक वळणावर मला बसस्टँड दिसायचा आणि तो नसायचा. शेवटच्या वळणावर मी उतरले नाही. उभी राहून पायडल मारला, जीव तोडून, आणि चढले.

नाना स्टँडच्या बाकावर बसले होते. एका हातात भजी, दुसऱ्या हातात कंडक्टरने आणून दिलेला चहा. सायकल बघून उभे राहिले. तिच्या सीटवर हात फिरवला आणि मग माझ्या गुडघ्यावर. डोळे भरून आले होते त्यांचे. पायऱ्या आम्ही हळूहळू, बसत-बसत चढलो. मी दोनदा मागे वळून पाहिलं तर ते माझ्या डाव्या पायाकडेच बघत होते. गाभाऱ्यात अठरा हातांची ती शेंदरी मूर्ती समोर आली तरी त्यांची नजर खालीच. "नाना, देवीकडे बघा," मी म्हटलं. "बघतोय," ते म्हणाले.

येताना दोन्ही सायकली टपावर टाकून एसटीने थेट नाशिक. उताराची मजा घ्यायची म्हणून गेलेल्यांनी मला नावं ठेवावीत, चालेल.

आईला सांगायचं नाही असं बसमध्ये ठरलं होतं. ते रात्रीच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही. तिने धुवायला पिशवी उपडी केली आणि विचारलं, "अहो, ही आतून हळदीने पिवळी कशी झाली?" नाना माझ्याकडे बघायला लागले, मी पंख्याकडे. मग सगळं बाहेर आलं. आई ओरडली नाही. उठून आत गेली, आणि दोन दिवस नानांशी एक शब्द बोलली नाही. ताटात पोळ्या मात्र वेळेवर, आणि नेहमीपेक्षा एक जास्त.

मग तिने वाण्याकडून खडीसाखर आणली. देवघरात गडाच्या तसबिरीपुढे वाटीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला. तासाभराने त्याच साखरेच्या छोट्या पुड्या बांधल्या आणि नानांच्या झाडून सगळ्या शर्टांच्या खिशांत एकेक घातली. नाना बघत राहिले. साखर असती तर काढून टाकली असती. प्रसाद कसा काढणार?

मागच्या रविवारी आम्ही दोघं गंगापूर धरणाच्या रस्त्याला गेलो होतो. साधा रस्ता, फारसा चढ नाही. मध्येच नानांनी ब्रेक लावला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि खिशात हात घातला. मी सायकल टाकून त्यांच्याकडे धावले. "काय होतंय?"

"काय नाय. जरा हात कापल्यासारखा वाटला. परसाद घेतो."

पुडी सोडून त्यांनी एक खडा कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. दुसरा माझ्यापुढे धरला.

"मला कशाला? मला कुठे साखर आहे?"

"घे," नाना म्हणाले. "नवस तुझाच होता."